नातसुनेच्या सुईचा दिवस

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पऱ्हाट्या उपटणं. कापूस वेचून झाला होता, वावर रिकामं करायचं होतं. मी चिमट्यात बूड धरून पऱ्हाटी ओढायची आणि म्हातारीनं ती उचलून, मुळाची माती झटकून ढिगावर टाकायची. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं असतं तर त्यानं घटकेत वावर मोकळं करून दिलं असतं. पण तिला चुलीला जळण पाहिजे होतं. घरात गॅस आहे. गॅसवरची भाकर तिला भाकर वाटायची नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. शाळेत शिकलो तसं लिहितो. जे लिहायला बसलो आहे ती गोष्ट बायांची आहे, आणि म्हाताऱ्या गड्यानं ती लिहावी याची मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. दुसरीही एक लाज आहे, याच्याहून मोठी. ती पुढे येईल.

दुपारी बाभळीखाली बसलो. तिनं चंची उघडली, अडकित्त्यानं सुपारी फोडली, मला एक खांड दिलं.

"परवा जैनथले जातो मी," ती म्हणाली. "पोरीले घेऊन."

"बीपीच्या गोळ्या सरल्या काय?"

"गोळ्या हायत. पोरीच्या सुईचा दिवस जवळ आला."

पोरगी म्हणजे आमची नातसून. मागच्या साली नातवाचं लग्न झालं. नातू हैदराबादला कंपनीत आहे, पंधरा-वीस दिवसांनी घरी येतो. पोरगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, आदिलाबादला डिग्रीच्या पहिल्या सालाला आहे. जैनथवरून बसनं जाते, बसनं येते. तिला एवढ्यात लेकरू नको होतं. डिग्री होऊ द्यायची, मग पाहू, असं तिचं आणि नातवाचं ठरलेलं. घरात हे फक्त म्हातारीला माहीत होतं, आणि म्हातारीच्या पोटात काही राहत नसल्यामुळे मला.

"मले कायले सांगतं?" मी म्हणालो. "बायाइचं बायाइत ठेव."

"बायाइचं? लेकरं का बाया एकल्याच करतेत?"

मी मान खाली घालून सुपारी चावत राहिलो.

"पाहा, कसे लाजून राह्यले नवरदेवावाणी," ती म्हणाली. "सून विचारीन त सांगा, बुढीचं बीपी वाढलं, डोकं गरगरते, म्हणून पोरीले सोबत नेलं. एवढं त बोलता येईन?"

"खोटं बोलाले लावतं मले."

"आजवर खरं बोलून कोणती तहसीलदारकी मिळाली?"

मग आम्ही उठलो, मोळ्या बांधल्या, अंबाडीच्या वाखाची गाठ तिनं मारली, कारण माझी गाठ सुटते असं तिचं म्हणणं. एक मोळी तिच्या डोक्यावर, एक माझ्या खांद्यावर. वाटेनं ती पुढे, मी मागे. एवढंच. त्याच्यात काही विशेष नव्हतं.

ही सुई म्हणजे काय, ते मलाही म्हातारीनंच समजावून सांगितलं होतं. तीन महिन्यांतून एकदा दंडात टोचतात, सरकारी दवाखान्यात पैसा लागत नाही, आणि तेवढे महिने लेकरू राहत नाही. आधी पोरगी रोजची गोळी घ्यायची. गोळ्यांचं पाकीट घरात ठेवायचं कुठं? आमची सून फार साफ बाई, रोज एक पेटी उघडून झाडते. म्हणून ते पाकीट म्हातारीच्या चंचीत असायचं, कात-चुन्यासोबत. सासूच्या चंचीला सुनेनं आजवर हात लावलेला नाही. रोज संध्याकाळी म्हातारी पोरीला हाक मारायची, "ये वं, सुपारी घे," आणि पोरगी यायची. मला वाटायचं, शिकलेली पोरगी, हिला सुपारीचा नाद कसा लागला. पण गोळीनं तिला मळमळायचं, आणि मळमळलं की सुनेचा चेहरा उजळायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईनं मग सुई सांगितली. सुईचं एक बरं, घरात सापडायला काही उरत नाही.

म्हातारी हे सगळं का करत होती, ते समजायला मागचं थोडं सांगावं लागेल.

ती या घरात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी पहिलं लेकरू, ते आडवं आलं. बैलगाडीनं पैनगंगेच्या पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, नदीला पाणी होतं, नेता आलं नाही. लेकरू गेलं, ती वाचली. पुढच्या साली पुन्हा दिवस राहिले. त्या वेळी थांबायचं असतं, थांबता येतं, हे कोणाला माहीत होतं? गावात एक म्हातारी मुळी उगाळून द्यायची, ती पिऊन एक बाई मेली, मग लोक मुळीलाही भ्यायला लागले. सरकारी लोक निरोधची पाकिटं वाटून जायचे. आमच्या गावचे गडी पावसाळ्यात त्याच्यात बिडी-माचीस ठेवायचे, भिजत नाही म्हणून. दुसरा उपयोग कोणी केला असेल तर त्यानं सांगितलं नाही. गड्यांच्या ऑपरेशनची जीप यायची तेव्हा तिचा धुरळा दुरून दिसायचा आणि सगळे ज्वारीत शिरायचे, मी त्यांच्यातच. शेवटी शाळेच्या वऱ्हांड्यात बायांचं शिबिर लागलं आणि तीन लेकरांच्या मागे म्हातारीनं ऑपरेशन करून घेतलं. गाडीत कडबा टाकून तिला घरी आणलं होतं. तेव्हा ती आताच्या पोरीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल.

माझ्या लेकीच्या वेळेस तांबी आली. लेकीनं बसवून घेतली. तिच्या सासरी कोणीतरी सांगितलं की तांबी वर चढून काळजाला लागते, म्हणून काढून टाकायला लावली. सुनेच्या वेळेस मोठ्या दवाखान्यातलं ऑपरेशन, दुर्बीण घालून करतात ते. दुसरं लेकरू झालं आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आता बस. एकविसाव्या वर्षी तिचं सगळं आटोपलं होतं. आमच्या घरातल्या बायांना थांबणं माहीत नव्हतं असं नाही. पण आधी लेकरं आणि मग टाके, हीच रीत त्यांना माहीत. पहिल्याच्या आधी थांबायचं, हे पोरीनंच आणलं या घरात. सुनेच्या कानी हे गेलं असतं तर तिला ते पाप वाटलं असतं. म्हातारीला वाटलं नाही. ती म्हणायची, "मले कोणी इचारलं असतं त मीबी हेच मांगतलं असतं. मले कोणी इचारलंच नाई."

तर पऱ्हाट्या उपटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी चुलीपाशी बसली होती, छातीवर हात ठेवून म्हणाली, "जीव घाबरून राह्यला," आणि आडवी झाली. आटो बोलावला. आदिलाबादच्या वाटेवरच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आटोवाल्याला मी गाडी वळव म्हणालो नाही, तो चालवत राहिला, मी बसून राहिलो.

घरी आणल्यावर बायांनी आंघोळ घातली. सुनेनं तव्याची काजळी तेलात कालवली आणि म्हातारीच्या डाव्या घोट्यावर बोट टेकवून एक ठसा काढला. आमच्याकडे असं करतात. घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याच्या अंगावर कुठंतरी काजळीचा डाग द्यायचा. पुढे घरात लेकरू जन्मलं की सुईण आणि आयाबाया आधी त्याचं अंग पाहतात. त्याच जागी डाग दिसला, की तेच माणूस वापस आलं. माझा बाप माझ्या धाकट्या पोराच्या पाठीवर असाच सापडला होता. मी स्वतः पाहिला होता तो डाग. खोटं की खरं मला सांगता येत नाही.

ठसा देताना सून रडत होती आणि मेलेल्या सासूशी बोलत होती. "लवकर या आत्याबाई. याच घरी या. दुसऱ्याच्या घरी जाऊ नका." आणि मग सगळ्या बायांनी वळून पोरीकडे पाहिलं. ती डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

मीही पाहिलं. हे लिहायला मला जड जातं. तिरडी अजून उचलायची होती आणि मी माझ्या नातसुनेच्या पोटाकडे पाहिलं.

तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. जी बाई यायची ती आधी माझ्यासमोर डोळे पुसायची आणि मग पोरीच्या पाठीवरून हात फिरवायची. "बुढी येईन माय तुह्या पोटी. तिचा तुह्यावर लय जीव होता." पोरगी नुसती मान हलवायची. कोणी म्हणायची, "डिग्री-बिग्री होत राहीन." एकीनं तर तिला खारीक-खोबरं आणून दिलं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो आणि, खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटत होतं. चार वेळा ऐकलं की माणसाला पटायला लागतं. मी मनात हिशोब करायला लागलो होतो की आता दिवस राहिले तर पुढच्या दिवाळीच्या पुढे-मागे ती येईल. येईल म्हणजे म्हातारी. मी तिला मांडीवर घेईन. घोटा पाहीन. आणि पोरीच्या सुईचा दिवस परवावर आला होता, तो आता मागे पडला आहे, हेही मला माहीत होतं. ते मी मनात येऊ देत नव्हतो.

तेरवी झाली, नातू हैदराबादला निघून गेला. माझा पोरगा वावरात. घरात राहिलो मी, सून आणि नातसून. आणि आमच्या घरची पंचाईत सुरू झाली.

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. नवीन पोरी इतर ठिकाणी बोलतात, पण आमची सून जुन्या वळणाची. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याशी सरळ एक शब्द बोललेला नाही. जे काही सांगायचं ते म्हातारीला सांगायची, आणि म्हातारी माझ्यापर्यंत पोचवायची, त्याच्यात स्वतःचं दोन शिव्यांचं मीठ घालून. आता म्हातारी नाही. मग सून ओट्याला बांधलेल्या बकरीशी बोलायला लागली. मी बाजेवर, बकरी खुंट्याला.

"बकरे, चहा ठेवला हाय. थंडा होऊन राह्यला."

मी जाऊन चहा घ्यायचो.

"बकरे, आज भाजीत मीठ जास्त झालं. दही घेऊन खावं माणसानं."

मी दही घ्यायचो. एकदा शेजारचा म्हातारा हे ऐकून म्हणाला, "बुढ्या, तुही बकरी लय शिकलेली दिसते बावा." मला हसू आलं. म्हातारी गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि हसलो म्हणून पुन्हा रडू आलं.

पोरीनंही तीच रीत उचलली. सासूसमोर तिला दुसरा रस्ता नव्हता.

एका दुपारी सून नळावर पाणी भरायला गेली होती. पोरगी बाहेर आली, बकरीसमोर चारा टाकला आणि तिच्या अंगावरून हात फिरवत बसली. कॉलेजला ती त्या आठवड्यात गेली नव्हती. सून म्हणाली होती, सव्वा महिना होऊ दे. माझ्याकडे तिची पाठ होती.

"बकरे," ती म्हणाली, "आजी राह्यली असती त मले कवाच जैनथले घेऊन गेली असती. सुईचा दिवस निघून गेला. नर्सबाई म्हणे, थोडं मागंपुढं चालते, पण लय उशीर चालत नाई. हे शनिवारी येऊन राह्यले. मले एकलीले आत्याबाई जाऊ देत नाईत. सोबत कोणी पाहिजे."

तिनं एकदा नळाच्या वाटेकडे पाहिलं. मग आणखी हळू म्हणाली, "ह्याइले सुईचं सांगतलं फोनवर. हे म्हणतेत, मायले कोण सांगीन, तूच पाहा काहीतरी."

तिचं सगळं बोलणं मला लख्ख ऐकू आलं. माझे गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत.

मी काय केलं? मी उठलो. खांद्यावर दुपट्टा टाकला. मोठ्यानं खाकरलो, जणू मला आताच जाग आली. आणि वावराकडे चालायला लागलो.

वावरात काही काम नव्हतं. उरलेल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या, त्या मी उपटल्या नाहीत. धुऱ्यावर बसून राहिलो. मनाला सांगितलं की हे बायांचं काम आहे, मी म्हातारा गडी काय करणार, दवाखान्यात लोक काय म्हणतील. ते सगळं मी मनाला खोटंच सांगत होतो. लाज होती, पण मी लाजेसाठी उठलो नव्हतो. शनिवारी नातू येणार, सुईचा दिवस गेलेला, मी गप्प राहिलो की काम झालं. मला माझी बायको वापस पाहिजे होती. कोणी काही करायचं नव्हतं, मी फक्त ऐकू आलं नाही असं दाखवायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाजेवर होतो. सून बाहेर आली. आवाजात आनंद होता, किती दिवसांनी.

"बकरे, माळ्यावरचा पाळणा काढून ठेवला त बरं. लाकूड किडलं-बिडलं असन. तेलपाणी करून ठेवता येते. माणसं रिकामीच बसून राह्यली."

पोरीच्या पोटी काही नाही, आणि पाळणा. पण सुनेलाही तिची सासू वापस पाहिजे होती. पंचवीस वर्षं दोघी एका चुलीपाशी बसल्या होत्या. तिला मी दोष देत नाही. ती तर जे बोलायची ते सगळ्यांदेखत बोलायची.

मी शिडी लावली. माळ्यावरून पाळणा काढला, कोळिष्टकं झाडली, अंगणात आणून ठेवला. फडक्यावर तेल घेऊन एकेक दांडी पुसायला लागलो. माझी लेकरं त्याच्यात झोपली, नातू झोपला. एक दांडी जरा हलत होती, ती ठोकून बसवली. त्या कामात माझा जीव रमला होता, हेही लिहून टाकतो. मी गुणगुणतसुद्धा होतो.

सून आत कणिक मळत होती. पोरगी दारात आली. बकरी तिच्या समोरच होती, तिच्याकडे तिनं पाहिलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि माझ्याकडे पाहिलं, सरळ. या घरात आल्यापासून तिचा पूर्ण चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लहान चेहरा आहे. हनुवटीवर मुरूम होते, कॉलेजातल्या पोरींना असतात तसे.

"आबा," ती म्हणाली. "तुमी आयकलं होतं."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"त्या दिशी मी बोलली ते तुमी आयकलं होतं. आयकून गेले तुमी."

ती रडत नव्हती. आवाज चढवला नव्हता, आत सून होती. तिनं उत्तराची वाट पाहिली. मी 'नाही' म्हणू शकलो असतो, म्हाताऱ्याचे कान, कोण काय म्हणणार. पण तोंडातून तेही निघालं नाही. मी पाळण्याकडे पाहत राहिलो. थोड्या वेळानं तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.

मी आयुष्यभर तोंडाचा फाटका म्हणून गावात प्रसिद्ध. तहसीलमध्ये गिरदावराला तोंडावर बोललो आहे. सरपंचाला बोललो आहे. आणि एकोणीस वर्षांच्या पोरीला मला एका शब्दाचं उत्तर देता आलं नाही. अंगणात बसलो असताना मला असं वाटलं की माझ्या अंगावर कपडे नाहीत आणि सगळं गाव येऊन पाहत आहे. माझी बायको त्या पोरीला सुपारीच्या नावानं गोळी द्यायची, बीपीच्या नावानं दवाखान्यात न्यायची. आणि मी त्याच बायकोच्या नावानं तिला अडकवायला निघालो होतो. सोळाव्या वर्षी त्या नदीच्या काठावर गाडीत म्हातारी कशी ओरडत होती ते मला अजून ऐकू येतं. म्हणजे मी ते विसरलो नव्हतो. आठवत असताना मी पाळण्याला तेल लावत होतो.

जेवायला बोलावलं, मी भूक नाही म्हणालो. पोराला वाटलं म्हातारीची आठवण येते आहे. त्यानं पाठीवर हात ठेवला. मी तो हात तसाच राहू दिला, त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. पोरगा वावरात निघून गेला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथं मी कधी जात नाही. सून चुलीपाशी होती, तिनं घाईनं पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिच्याशी बोलायला मध्ये कोणी नव्हतं. कोणी पाहिजे असंही मला वाटलं नाही.

"सूनबाई," मी म्हणालो, "मी पोरीले जैनथच्या दवाखान्यात घेऊन जाऊन राह्यलो. लेकरू राहू नाई म्हणून सुई घेते ते. तुह्या सासूनं सुरू केली होती. आजवर तेच नेत होती."

सुनेचा हात परातीत थांबला. पोरगी कोपऱ्यात कांदा चिरत होती, तिनं विळी बाजूला सारली.

 मग सून भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, आणि ती माझ्याशीच बोलत होती, दुसऱ्या कोणाशी नाही, "मामाजी, मंग आत्याबाई कोठून येतीन?"

"नाई येत ते," मी म्हणालो. "गेली ते."

हे मी तोपर्यंत कोणाला म्हणालो नव्हतो. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी पुढचं रागानं बोललो. "पोरगी डिग्री करीन. मंग तिच्या मनात येईन तवा लेकरू करीन. कोणी काई म्हणलं त माह्यं नाव सांगजो. बुढ्यानं नेलं म्हणजो."

 सुनेचे खांदे हलत होते. ती सासूसाठी रडत होती की माझ्यावर चिडली होती, मला माहीत नाही. अजूनही ती मला चहा देताना कप जरा आपटते. पण पोरीला ती त्या दिवशी जाऊ नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "उन्हाचं डोक्शाले बांधून जाजो."

आटोत पोरगी मागे बायांत बसली, मी पुढे. जैनथला उतरलो. दवाखान्यात बायांची गर्दी होती, पोटुशा, कडेवर लेकरं घेतलेल्या. गडी म्हणून मी एकटा, आणि सत्तरीचा. बाकावर जागा होती, मी बसलो. दोन बाया माझ्याकडे पाहून एकमेकींना कोपर मारायला लागल्या. माझे कान तापले. मी जमिनीकडे पाहत बसलो.

नर्सबाई दारात आली, पोरीला ओळखलं आणि तेलुगूत विचारलं, "तोडु एवरोच्चिन्रु?" सोबत कोण आलं म्हणून. दर वेळेस सोबत म्हातारी असायची, ती इकडे-तिकडे म्हातारीलाच शोधत होती.

पोरीनं मागे वळून पाहिलं. मी सांगीन की नाही, हे तिला माहीत नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं आणि तसं दिसणं बरोबरच होतं.

मी उठून उभा राहिलो. गुडघा धरला होता, बाकाला हात टेकून उठावं लागलं. सगळा बाक माझ्याकडे पाहत होता.

"मी आलो, अम्मा," मी म्हणालो. "आजसासरा हाय मी तिचा. तीन महिन्याची सुई द्या म्हणलं हिले. दिवस टळला, ते चूक माही हाय, तिची नाई. अजून देता येते काय, ते पाहा."

नर्सबाईनं एकदा मला पाहिलं, एकदा पोरीला. मग पोरीला आत घेऊन गेली आणि दार लावलं. मी पुन्हा बाकावर बसलो. बाजूच्या बाईनं तिचं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मला जरा जागा करून दिली. आत त्या बोलत होत्या, काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं आणि मी कान दिला नाही. पोरगी बाहेर आली तेव्हा दंडावर कापसाचा बोळा दाबून धरला होता.

"भेटली," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले टाइमावर ये म्हणे."

"कवा यायचं, ते मलेबी सांगून ठेव," मी म्हणालो.